काशीत जन्मलो, सारनाथ राहून गेलं

नमस्कार मंडळी. वाचनालयाने विषय दिला ‘जन्मगावाची पुन्हा भेट’, आणि मी फोनवरच हो म्हणून टाकलं, कारण मागच्या कार्तिकात मी माझ्या गावाला जाऊन आलोय आणि तेव्हापासून मनात जे साचलंय ते कुणाला तरी सांगायचंच होतं. माझा जन्म बनारसचा, १९६६ सालचा, ब्रह्माघाटाच्या वरच्या गल्लीतला. ती गल्ली अशी की समोरून गाय आली की आपण ओट्यावर चढून उभं राहायचं आणि ती गेली की खाली उतरायचं. तिथे आम्ही काशी असं कधी म्हणायचोच नाही बरं का. काशी म्हणतात ते यात्रेकरू. आम्ही बनारस म्हणायचो.

आता इथे नागपुरात कुणी विचारतं की तुम्ही मराठी माणसं तिकडे कशी काय? तर आम्ही तिकडे आजची नाही. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट पैठणहून काशीला गेले, त्यांच्याच घराण्यातले गागाभट्ट, ज्यांनी १६७४ ला रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक केला. पुढे पेशवाईत पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी ब्रह्माघाट, दुर्गाघाट बांधून घेतले आणि तिथे मराठी वस्ती चांगलीच वाढली. झाशीच्या राणीचा जन्म काशीतलाच, हिंदी पत्रकारितेत ज्यांचं नाव आदराने घेतात ते बाबूराव विष्णू पराडकर काशीचेच, आणि आपल्या नागपूरकर भोसल्यांचा घाटही आहे तिकडे. शिंदे, होळकर, पेशवे, सगळ्यांनी त्या नदीच्या काठाला दगड लावलाय. लहानपणी मला वाटायचं गंगा मराठीच आहे.

माझे आजोबा, त्यांना आम्ही तात्या म्हणायचो, ते तीर्थोपाध्याय. म्हणजे महाराष्ट्रातून कुणी त्रिस्थळी यात्रेला निघालं, प्रयाग, काशी, गया, की काशीत त्यांच्या घराण्याचे जे ठरलेले उपाध्ये असतात त्यांच्याकडे उतरायचं, श्राद्ध, गंगापूजन, ब्राह्मणभोजन सगळं त्यांनी करायचं, आणि जाताना गंगेचा सीलबंद गडू द्यायचा, तो घरी नेऊन मावंदं घालायचं. आणि या सगळ्याचा जीव कशात, तर वहीत. लांबोळक्या, लाल कापडात बांधलेल्या वह्या. त्यात जिल्ह्याप्रमाणे, गावाप्रमाणे, आडनावाप्रमाणे नोंदी. कोण आलं, कुणाचे अस्थी घेऊन आलं, सोबत कोण होतं, बापाचं नाव, आजाचं नाव, खाली सही नाहीतर अंगठा. जुनी पानं मोडीत, नंतरची देवनागरीत. यात्रेकरू आला की तात्या गाव विचारायचे, वही काढायचे आणि त्याला त्याच्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवायचे. मोठमोठी माणसं तिथे ओटीवर बसून रडलेली मी पाहिलीत, आपल्या पणजोबांची सही पाहून.

१९७८ चा पूर मला लख्ख आठवतो. तेव्हा मी बारा वर्षांचा. ९ सप्टेंबरला गंगा ७३.९०१ मीटरवर गेली, धोक्याची पातळी ७१.२६२ असताना, तो आकडा तिकडच्या लोकांना आजही तोंडपाठ आहे. आमच्या गल्लीत नाव चालत होती हो. खालच्या खोलीत पाणी शिरलं तेव्हा रात्र होती, दिवे गेलेले, बाबा आणि काका धान्याचे डबे वर नेत होते, आई देव उचलत होती, आणि माझी ताई, सतरा वर्षांची, ती एकटी तात्यांच्या वह्या डोक्यावर घेऊन वर-खाली करत होती, एकेक गठ्ठा माळ्यावर ठेवून पुन्हा पाण्यात उतरायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तात्या जिन्यात बसून फक्त मोजत होते, किती आल्या, किती राहिल्या. सगळ्या वाचल्या. एका गठ्ठ्याचा कोपरा तेवढा भिजला.

दुसऱ्या वर्षी बाबांना नागपूरला नोकरी लागली आणि आम्ही इकडे आलो. त्यानंतर दोनदाच जाणं झालं, दोन्ही वेळा मयताला, दोन दिवसांत परत. त्याला काही गावी जाणं म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट सांगतो, आणि ती सुरू होते नागपुरात. शाळेत माझ्या बाकावर एक मुलगा होता, तो आज इथे समोर बसलाय, त्याचं नाव मी घेत नाही, त्याला आवडणार नाही. मी नवीन, माझ्या मराठीत हिंदी घुसलेली, मुलं हसायची, हा नाही हसला. पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत तो मला घरी घेऊन गेला, आणि त्याच्या आजीला म्हणाला, आजी, हा बनारसचा आहे. आजी तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवलं, उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “म्हंजे सारनाथचा? तू बुद्धाच्या गावचा हायेस का रे पोरा?” आणि तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, आपण देवळातल्या पायरीवरून फिरवतो तसा.

त्या आजीने १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे दीक्षाभूमीवर बाबासाहेबांसमोर धम्म घेतलेला. त्या गर्दीत उभी होती ती, कडेवर लेकरू घेऊन. आणि ती मला विचारत होती, सारनाथ कसं आहे ते सांग. स्तूप केवढा आहे, जिथे बुद्ध पहिल्यांदा बोलले ती जागा कशी दिसते, तिथे झाड आहे का. आणि मंडळी, मला काहीही सांगता आलं नाही. मी म्हटलं, तिथे हरणं आहेत. आम्ही शाळेच्या ट्रिपला गेलो होतो, तिथे डबा खाल्ला. ती वाट बघत राहिली की मी अजून काहीतरी सांगेन. माझ्याकडे काहीच नव्हतं. ब्रह्माघाटापासून सारनाथ दहा-बारा किलोमीटर असेल, सायकलवर तासाभराचा रस्ता, आणि आमच्या घरात सारनाथ हा शब्द ट्रिपशिवाय कधी उच्चारला गेला नव्हता. तात्यांनी आयुष्यात तिकडे पाऊल टाकलं होतं का, मला माहीत नाही.

ती आजी काही सारनाथला जाऊ शकली नाही. गेली बिचारी, आम्ही कॉलेजात असताना. आणि मला ते तांदळाचं ताट अजून दिसतं.

तर मागच्या वर्षी माझी ताई गेली. तिची इच्छा एकच होती, अस्थी ब्रह्माघाटालाच. मी तिकीट काढत होतो तर मित्राचा फोन आला, “अबे, मी बी येतो नं. आजीचं राहून गेलंय.” दोघं निघालो. मुद्दाम कार्तिकी पौर्णिमा धरून निघालो, त्याचं कारण पुढे सांगतो.

बनारस कँटला उतरलो आणि मैदागिनपर्यंत ई-रिक्षा, पुढे चालत, कालभैरवाच्या बाजूने गल्लीत शिरलो. मला वाटलं होतं मी रस्ता चुकेन, पण पाय चुकले नाहीत. डोळे चुकले, कारण दुकानं बदललीत, प्रत्येक दुसऱ्या वाड्यावर गेस्ट हाऊसची पाटी आहे, पण वळणं तीच. आमचा वाडा आता चुलतभावाकडे आहे. उंबरा तोच, मधोमध झिजलेला. मी त्या झिजलेल्या जागेवर पाय ठेवला आणि अंगावर काटा आला, तो खड्डा माझ्या टाचेच्या मापाचा नव्हता आता, पण कुठेतरी मी पण तो झिजवलाय ना.

दुसऱ्या दिवशी, वैकुंठ चतुर्दशीला, सकाळी नावेतून ताईचे अस्थी सोडले. नावाडी वयस्कर होता, गमछा बांधलेला. त्याने विचारलं, कहाँ से आए हैं बाबू? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, नागपूर से. बोलून गेलो आणि मग जीभ जड झाली. ज्या पाण्यात मी पोहायला शिकलो तिथे मी परगावचा होऊन बसलो होतो. ताई मात्र परत आली. ती मडक्यातून सुटून त्या पाण्यात गेली तेव्हा मला रडू आलं नाही, उलट असं वाटलं की हिला घरी सोडलं.

विश्वनाथालाही गेलो. ते थोडक्यात सांगतो. आम्ही लहान असताना विश्वनाथ गल्लीत शोधावा लागायचा, फुलवाले, बांगडीवाले, त्यांच्यामधून वाट काढत जाऊन एकदम देऊळ समोर यायचं. औरंगजेबाने १६६९ ला देऊळ पाडलं आणि आजचं जे देऊळ आहे ते १७८० मध्ये अहिल्याबाईंनी बांधलं हे आम्हाला रोज कानावर पडायचं. आता १३ डिसेंबर २०२१ ला नवा कॉरिडॉर झालाय, तीन हजार चौरस फुटांचा परिसर पाच लाख चौरस फुटांचा केलाय, मोबाईल लॉकरमध्ये, सिक्युरिटी, आणि देवळापासून थेट गंगा दिसते. अहिल्याबाईंचा पुतळा बसवलाय तो बघून बरं वाटलं. म्हाताऱ्या माणसांना सोय झाली हे खरंच आहे. पण लाहोरी टोल्यासारखे मोहल्ले गेले, माझ्या वर्गातल्या दोघांची घरं त्यात होती, आणि त्या रिकाम्या चौकात उभं राहिल्यावर मला त्यांच्या जिन्यांचा वास आठवत होता. सोय आणि नुकसान दोन्ही एकाच जागेवर आहे, मला एक निवडता येत नाही आणि मी निवडणारही नाही.

संध्याकाळी चुलतभावाने वह्या काढल्या. आता तो पानांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवतो. मी भिजलेला गठ्ठा शोधला. सापडला. कोपऱ्यात पिवळसर तपकिरी डाग, चंद्रकोरीसारखा, पानं एकमेकांना चिकटलेली. मी त्या डागावर बोट ठेवून बसलो होतो, ताई डोळ्यासमोर, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेली.

आणि मग मित्राने सहज विचारलं, आमच्या गावचं आहे का रे पान? त्याचं मूळ गाव उमरेडकडचं. चुलतभावाने शोधलं, होतं. चांगली चार पानं. पाटील आहेत, देशमुख आहेत, कुलकर्णी आहेत, कुणबी घरं आहेत, सोनार आहेत, १९२० च्या दशकापर्यंतचं तात्यांच्या वडिलांच्या अक्षरात, पुढे तात्यांच्या. मित्राने सगळी पानं शांतपणे वाचली, एकेका नावावर म्हणायचा, हे आमच्या वाड्याशेजारचे, ह्यांच्या विहिरीवर आम्हाला जाऊ देत नव्हते. शेवटी म्हणाला, “गाव आहे. आम्ही नाही.”

मला काय बोलावं कळेना. ज्या वह्यांसाठी माझी बहीण छातीभर पाण्यात उतरली, ज्यात लोकांना त्यांचे पूर्वज सापडतात असं मी अभिमानाने सांगत आलो, त्यात अख्खी माणसं कधी लिहिलीच गेली नव्हती. पाण्याने पुसलेली नाहीत, लिहिलीच नव्हती. ती तात्यांनी आणि त्यांच्या आधीच्यांनी नाही लिहिली. तात्या मायाळू होते, मला खांद्यावर बसवून घाटावर नेणारे, आणि हेही तेच. हे मी आज इथे सगळ्यांसमोर बोलतोय कारण त्या रात्री वाड्यात माझ्याने बोलवलं नाही. मित्रानेच वही बंद केली, नीट कापडात बांधली, गाठ मारली आणि म्हणाला, चल, सकाळी लवकर निघायचंय.

कार्तिकी पौर्णिमेला पहाटेच सारनाथला निघालो. शहरातून उत्तरेला जाताना वरुणा लागते. वाराणसी या नावाची फोड लोक वरुणा आणि असी अशीच करतात, आम्हालाही तशीच शिकवली, पण त्या नदीत काय आहे ते शिकवलं नव्हतं. इंग्रजांच्या काळात वरुणेवर पूल बांधताना पाण्याचा जोर अडवायला सारनाथहून आणलेल्या ४८ मूर्ती आणि कोरीव दगड नदीत टाकले होते, असं त्या काळच्या लिखाणात आहे. म्हणजे मी लहानपणी ज्या नदीवरून गेलो तिच्या तळाशी बुद्धाच्या मूर्ती. आणि शहरातला जगतगंज मोहल्ला. तो तर मला पाठ होता, तिथे बाबांबरोबर सामान आणायला जायचो. तो बाजार राजा चेतसिंगाचे दिवाण जगतसिंग यांनी १७९४ ला बांधला, आणि त्याला विटा पाहिजेत म्हणून सारनाथचा धर्मराजिका स्तूप उतरवला. सम्राट अशोकाच्या काळातला स्तूप. त्यांना तो विटांचा ढीग वाटला.

त्या स्तूपाच्या पोटात एक दगडी पेटी सापडली, तिच्या आत संगमरवरी करंडा, आणि करंड्यात अस्थी. आता बघा त्या लोकांनी काय केलं. त्यांनी अस्थी गंगेत सोडल्या. त्यांच्या दृष्टीने हाच आदर होता, कुणाचे का असेनात, हाडं आहेत, गंगेत जाऊ देत. मी हे मित्राला सांगत होतो आणि सांगता सांगता थांबलो, कारण आदल्याच दिवशी त्याच पाण्यात मी ताईला सोडलं होतं. तो म्हणाला, म्हंजे ते पाणी आमचं बी आहे.

पुढे १८३५ मध्ये कनिंगहॅम नावाचा इंग्रज पुरातत्त्व अभ्यासक तिथे खोदायला आला तर त्याला जवळच्या गावातला एक म्हातारा भेटला, जो १७९४ ला लहान मुलगा म्हणून त्या कामावर होता, आणि त्याने बरोबर जागा दाखवली, इथे ती पेटी ठेवलीय परत. पेटी सापडली. चाळीस वर्षं त्या माणसाने ती जागा मनात धरून ठेवली होती. मला तो म्हातारा फार जवळचा वाटतो.

आता धर्मराजिकेचा फक्त गोल पाया उरलाय. त्याच्याजवळ अशोकस्तंभाचा तुटलेला बुंधा, काचेत. स्तंभावर अशोकाची आज्ञा कोरलीय, संघात जो भिक्षू किंवा भिक्षुणी फूट पाडेल त्यांना पांढरी वस्त्रं घालायला लावून बाहेर ठेवावं. स्तंभाचं शीर्ष, ते चार सिंह, १९०५ च्या उत्खननात वर आले आणि २६ जानेवारी १९५० ला आपलं राजचिन्ह झाले. ते सारनाथच्या म्युझियममध्ये आहेत, शिरताच समोर, सात फूट उंच, आणि दगडाची चकाकी अशी की आत्ताच कुणी तेलाचा हात फिरवून गेलंय. नोटेवर, नाण्यावर, पासपोर्टवर जे आपण रोज बघतो ते मूळचं माझ्या गावचं, आणि शाळेच्या ट्रिपमधलं मला त्यातलं काय आठवत होतं, तर बाहेरचा भेळवाला.

त्याच आवारात एका विहाराचे अवशेष आहेत, कुमारदेवीचे. बाराव्या शतकातली ही राणी, कनौज-काशीच्या गाहडवाल राजा गोविंदचंद्राची. राजा शिव-विष्णूंना मानणारा, ब्राह्मणांना गावं देणारा, राणी बुद्धाला मानणारी, आणि तिने राजाच्या हयातीत इथे विहार बांधला, त्याचा शिलालेख सापडलाय. एका घरात दोन्ही चालत होतं. इथून जवळच शिवाचं सारंगनाथाचं देऊळ आहे, सारनाथ हे नाव त्यावरूनच आलं म्हणतात, आणि अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ यांचं जैन मंदिर तर धमेक स्तूपाच्या अगदी बाजूला.

धमेक. हा मी तुम्हाला नीट सांगणार आहे, कारण आजीला सांगता आला नव्हता. त्रेचाळीस मीटरच्या आसपास उंची, पायाशी व्यास अठ्ठावीस मीटर, भरीव, आत जायला दार नाही. खाली दगड, वर विटा. दगडाच्या भागात आठ बाजूंना आठ कोनाडे, त्यात एके काळी मूर्ती असणार, आज रिकामे. कोनाड्यांच्या खालून एक नक्षीचा पट्टा अख्ख्या स्तूपाला कमरपट्ट्यासारखा फिरलाय, वेलबुट्टी, कमळं, मधे भौमितिक जाळी, गुप्तकाळातलं काम. काही ठिकाणी पट्टा मधेच संपतो, पुढचा दगड कोराच आहे.

तिथे पांढऱ्या साड्यांमधल्या बायकांचा एक ग्रुप होता. त्या बोलल्या तेव्हा कळलं, आपल्याच, मराठवाड्याच्या, बस करून आलेल्या, सारनाथ, बोधगया, कुशीनगर, लुंबिनी. त्यातल्या एक आजी चप्पल काढून, पदर डोक्यावर घेऊन, स्तूपाच्या नक्षीवर तळहात टेकवून चालत होत्या. हात उचलत नव्हत्या. पट्टा संपला, कोरा दगड आला, तरी हात तसाच. प्रदक्षिणा पुरी होईपर्यंत. त्यांच्या तळहाताला दगडाची भुकटी लागलेली, ती त्यांनी कपाळाला लावली. माझ्या मित्राने दोन पावलं पुढे जाऊन त्यांना वाकून जयभीम केला आणि तसाच हात टेकवून तो पण चालायला लागला, साठीचा माणूस, चष्मा काढून खिशात ठेवलेला.

मी मागे मागे चाललो. मला त्या क्षणी समजलं की मी माझं गाव अर्धंच पाहिलं होतं. आणि जे अर्धं मी पाहिलं नाही ते दूर कुठे नव्हतं, वरुणा ओलांडली की होतं. आपल्याकडची माणसं शेकडो वर्षं काशीला येत आलीत, आणि १९५६ नंतर आपल्याकडचीच दुसरी माणसं त्याच गाड्यांनी, त्याच स्टेशनला उतरून सारनाथला येतायत, आणि ह्यांना त्यांचा पत्ता नसतो. नोव्हेंबर १९५६ ला बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना बनारसला थांबले, सारनाथला आले, आणि ६ डिसेंबरला गेले. म्हणजे शेवटच्या काही दिवसांत ते माझ्या गावात होते. आमच्या वाड्यात त्याबद्दल मी कधी एक शब्द ऐकला नाही.

धर्मानंद कोसंबींचं असंच. गोव्याचा तरुण, १८९९ ला घर सोडून निघाला, बुद्ध शोधायचा होता, आणि संस्कृत शिकायला काशीत येऊन राहिला, अन्नछत्रात जेवून दिवस काढले, मग तिथून नेपाळ, बोधगया, सिलोन, भिक्षू झाले, आणि पाली शिकून बुद्ध आपल्या मराठीत आणला. ज्या काशीने त्यांना जेवू घातलं तिथल्याच मराठी घरांमध्ये त्यांची पुस्तकं नव्हती. निदान आमच्या घरात नव्हती.

पौर्णिमा धरून का गेलो ते सांगायचं राहिलं. सारनाथचा मूलगंधकुटी विहार श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी बांधला, ११ नोव्हेंबर १९३१ ला तो सुरू झाला. आत भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रं आहेत, कोसेत्सु नोसू नावाच्या जपानी चित्रकाराने काढलेली. त्या विहारात बुद्धाच्या अस्थी आहेत, आणि त्या कार्तिकी पौर्णिमेला दर्शनासाठी बाहेर काढतात. त्याच संध्याकाळी तिकडे गंगेवर देवदीपावली. आणि त्याच तिथीला, शके १४९५, म्हणजे १५७३ साली, पैठणच्या एकनाथांनी काशीत बसून भागवताची मराठी टीका पूर्ण केली. परंपरा सांगते की तिथल्या पंडितांनी आधी मराठीत लिहिलं म्हणून त्यांना जाब विचारायला बोलावलं होतं आणि शेवटी त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली. नाथांनी महाराच्या पोराला कडेवर घेतल्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या घरात नाथांचं भागवत दर एकादशीला वाचलं जायचं. वाचायचो आम्ही ते.

विहारात रांग लांब होती, सिंहली, तिबेटी, थाई, आणि आपली मंडळी. आत गेल्यावर त्रिसरण सुरू झालं, बुद्धं सरणं गच्छामि, मला शब्द येत होते, मित्राच्या घरी कितीदा ऐकलेले, मी पण म्हटले. करंडा अगदी लहान दिसतो. एका माणसाला दोन-तीन सेकंद मिळतात. मित्राने हात जोडले आणि काहीतरी पुटपुटला, मी विचारलं नाही.

बाहेर दान द्यायच्या टेबलावर एक तरुण भिक्षू पावत्या फाडत होता. नाव विचारलं. मित्राने आजीचं पूर्ण नाव सांगितलं, नवऱ्याचं, आडनाव, गाव पण. भिक्षूने हिंदीत लिहिताना वेलांटी चुकवली तर मित्राने थांबवून दुरुस्त करायला लावलं. ती पावती त्याने घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली.

संध्याकाळी परत यायला फार त्रास झाला, देवदीपावलीची गर्दी, गाड्या लांबच बंद केलेल्या, दोन-अडीच तास चालत मैदागिनवरून पंचगंगा घाटाला पोहोचलो. तिथे अहिल्याबाईंचा हजारा आहे, दगडी दीपस्तंभ, त्यावर हजाराच्या वर पणत्या लावायची जागा. तो पेटला होता. सगळ्या पायऱ्यांवर पणत्या, समोर नदीत नावा दाटलेल्या, लाउडस्पीकर, धूर, तेलाचा वास. आणि वर, उंच बांबूंना टांगलेल्या टोपल्या, त्यात एकेक दिवा. आकाशदीप. कार्तिकभर लावतात, गेलेल्या माणसांसाठी, दोरीने टोपली वर चढवायची. आमच्या घरचा बांबू तात्या असल्यापासून तिथेच असतो. चुलतभावाने माझ्या हातात दोरी दिली, मी ताईचं नाव घेतलं आणि ओढली. दोरी दमट होती, हाताला काचत होती. टोपली थोडी तिरकी होऊन वर गेली.

मित्र मागे पायरीवर बसला होता, तो हे करत नाही आणि मी त्याला म्हटलंही नाही. दोरी बांधून मी वळलो तर त्याने खिशातून सकाळची विहारातली उरलेली मेणबत्ती काढली होती, अर्धी जळलेली, पांढरी. शेजारच्या पोराकडून पणती घेऊन ती पेटवली, दोन थेंब मेण दगडावर पाडलं आणि त्यावर ती उभी केली. नदीकडून वारा होता. त्याने एका बाजूने हाताचा आडोसा धरला. मी जाऊन दुसऱ्या बाजूला बसलो आणि माझा हात धरला.